एलईडी हेडलाइट आणि बंपरचे फोकस बसवले, पाच महिन्यांत काढले: माझा पूर्ण अनुभव

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हे एका दुकानाचं काम नाही, कुठल्याही गावात कार ॲक्सेसरीजच्या लाइनीत उभं राहिलात तरी हेच ऐकायला मिळेल. ५ पैकी १ स्टार देतोय, तो पण काम पटकन झालं आणि पोरं बोलायला चांगली होती म्हणून. रिव्ह्यू लांब झालाय, पण ज्यांच्या डोक्यात आत्ता लाइट बदलायचं चाललंय त्यांनी पूर्ण वाचा, कारण मला हे सगळं पैसे गेल्यावर कळलं आणि पैशापेक्षा एका माणसाला लागलं ते जास्त मनाला लागून राहिलंय.

गाडी २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक. कंपनीचे साधे हॅलोजन, एच-४ बल्ब, ६०/५५ वॅट. आमचं दीड-दोन महिन्यातनं एकदा कोल्हापूर ते सावंतवाडी असतं, बायकोचं माहेर तिकडं, आजऱ्यावरनं आंबोली घाट उतरून जायचं. निघता निघता संध्याकाळ होते आणि आजरा सोडला की मिट्ट काळोख. लाइट पिवळा आणि कमी पडतोय असं कायम वाटायचं, त्यात समोरनं येणारी प्रत्येक दुसरी गाडी पांढरा झोत मारत येते, मग आपल्याला वाटतं आपण पण लावावं. फेब्रुवारीत एका रविवारी गेलो दुकानात.

दुकानदाराने दोन बोर्ड दाखवले, एकावर साधा बल्ब लावलेला, एकावर एलईडी, बटण दाबलं की फरक डोळ्यात भरतो. दुकानात भिंत दोन फुटांवर असते त्यामुळे जे जास्त पांढरं तेच भारी वाटतं, रस्त्यावर प्रकाश कुठं पडणार हे तिथं कळायला मार्गच नाही. बॉक्सवर २०,००० ल्युमेन, म्हणजे उजेड मोजायचं माप, लिहिलेलं. नंतर वाचलं की एच-४ हॅलोजन डिपरला साधारण १,००० आणि अप्परला १,६५० ल्युमेन देतो, म्हणजे त्या बॉक्सवरचा आकडा कुणी मोजून लिहिलेला नाही एवढं तरी तेव्हाच लक्षात यायला पाहिजे होतं.

मी एकच प्रश्न विचारला, पोलिस किंवा इन्शुरन्सला काही प्रॉब्लेम येतो का. उत्तर आलं, "काय होत नाही ओ दादा, अख्खं कोल्हापूर लावतंय, आणि आरसी बुकात लाइट लिहिलेले असतात का सांगा बघू." मला ते पटलं. खरंच आरसीवर लाइट लिहिलेले नसतात.

एलईडी जोडी ४,२०० आणि बंपरखाली दोन फोकस, ब्रॅकेट, रिले, आत डॅशबोर्डला बटण, असे ३,८००. एकूण ८,०००, फिटिंग त्यातच, दीड तासात काम खलास. ग्रिलमध्ये लाल-निळे चमकणारे लाइट पण लावून देतो म्हणाला, ते मी नको म्हणलं. ते तर कुणीच लावू नका, पुढच्या बाजूला लाल लाइट दाखवायला सेंट्रल मोटर व्हेइकल्स रूल्सच्या नियम १०८ मध्ये थेट बंदी आहे आणि १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे पण उतरलेत.

बिल मिळालं एका वहीच्या पानावर. "लाइट फिटिंग १ नग, ८,०००/-". ब्रँड नाही, मॉडेल नाही, जीएसटी नंबर नाही, वॉरंटी नाही. बॉक्स मी घरी आणून ठेवला होता, त्याच्या खालच्या बाजूला एकदम बारीक अक्षरात लिहिलंय, फॉर ऑफ रोड यूज ओन्ली. म्हणजे रस्त्यावर वापरायचा मालच नाही हा, हे बनवणाऱ्यानेच छापलंय. ते मी वाचलं जुलैमध्ये.

पहिले काही दिवस खोटं कशाला बोलू, मस्त वाटलं. शहरात, कळंब्याच्या बाजूला सरळ रस्त्यावर, झाडांच्या शेंड्यापर्यंत उजेड. झाडांच्या शेंड्यापर्यंत उजेड जातोय म्हणजे काय होतंय ते मात्र तेव्हा डोक्यात आलं नाही. समोरचे सारखे अप्पर-डिपर मारायचे, मी पण उलट मारून दाखवायचो की बाबा माझा डिपरच आहे.

मार्चमध्ये रात्री नऊ-साडेनऊला आजऱ्याच्या अलीकडं एक छोटं वळण आहे तिथं समोरनं एक स्कूटरवाले काका येत होते, पुढं पायात दुधाचा कॅन. मी डिपरवर होतो आणि बंपरचे फोकस चालू. त्यांनी एक हात डोळ्यावर धरला, स्कूटर डावीकडं घेतली आणि डांबर संपतं तिथं साइडपट्टी खाली होती, चाक उतरलं आणि गाडीसकट आडवे. मी थांबलो, पळत गेलो. गुडघा फुटलेला, तळहात सोललेले, दूध सगळं मातीत. माझ्यावर ओरडले पण नाहीत, नुसते म्हणाले, "लाइट खाली करा की ओ, काय सुद्धा दिसंना झालंय." मी म्हणलं काका खालीच आहे. ते उठून माझ्या गाडीच्या समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले इथं येऊन बघा. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. रस्ता नाही, झाड नाही, माझी स्वतःची गाडी पण दिसत नव्हती, नुसते चार पांढरे गोळे. दुधाचे आणि औषधाचे पैसे दिले, त्यांना घरी सोडून आलो, पण वेग थोडा जास्त असता किंवा तिथं साइडपट्टीच्या जागी मोरी असती तर काय झालं असतं ह्याचा विचार अजून येतो.

एवढं होऊन मी काय केलं, तर दुकानात गेलो आणि हेडलाइटचा झोत खाली करून घेतला. स्क्रूने अख्खा लाइट खाली झुकवून दिला. आता लांबचं दिसायचं बंद झालं, बोनेटच्या पुढं दहा-पंधरा फुटांवर चकाकी आणि पलीकडं अंधार. समोरच्यांचं अप्पर-डिपर मारणं तरी थोडं सुरूच.

जूनमध्ये आंबोली. ज्यांनी जूनमधली आंबोली बघितलीय त्यांना सांगायला नको, पाऊस आडवा येतो आणि धुकं काचेला चिकटतं. ह्या ६००० केल्विनच्या निळसर पांढऱ्या लाइटने समोर नुसती चुन्याची भिंत उभी राहिली. दोष खरं तर नुसत्या रंगाचा नाही, प्रकाश जितका वर सांडतो तितका धुक्याच्या थेंबांवरनं आपल्याच डोळ्यात परत येतो. शेवटी हेडलाइट बंद करून पार्किंग लाइट आणि हॅझर्ड लावून एका एसटीच्या मागं मागं उतरलो, ते पण चुकीचंच होतं हे मला माहितीय. त्याच ट्रिपला हेडलाइटच्या काचेत आतनं पाणी दिसायला लागलं. कारण एलईडी बल्बच्या मागं पंखा असतो, तो कंपनीच्या रबरी बुटात, म्हणजे हेडलाइटच्या मागच्या झाकणात, मावत नाही, म्हणून दुकानातल्या पोराने बुटाला कात्रीने भोक पाडलेलं. दुकानात दाखवलं तर, पावसाळ्यात सगळ्यांचंच होतं दादा. एफएम लावला की खरखर, हेडलाइट बंद केला की खरखर बंद, हे पण त्याच बल्बचं.

परत येताना हायवेला नाकाबंदीत अडवलं. ते साहेब शांतपणे बोलले, गाडीसमोर उभं राहून लाइट लावायला लावला, बंपरच्या फोकसची वायर तिथंच काढायला लावली आणि चलन केलं. मी तोच आरसीचा मुद्दा सांगितला. ते म्हणाले, आरसीचं सोडा, नियम १०५ आणि १०६ घरी जाऊन वाचा. वाचले. १०५ मध्ये गाडीला कुठले लाइट पाहिजेत ते आहे, आणि १०६ सांगतो की पुढचा झोत कायमचा खाली वळलेला पाहिजे नाहीतर चालवणाऱ्याला तो खाली करता आला पाहिजे, समोरच्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. १११ मध्ये स्पॉटलाइट, सर्चलाइट पुढं लावायला बंदी आहे, लावायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी. म्हणजे आरसीवर लाइट लिहिलेत का नाहीत ह्याचा संबंधच नाही, लाइटचे नियम वेगळे आहेतच.

आणि मोठं कलम पुढं आहे. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने जशी गाडी दिली त्यात मालकाने बदल करायचा नाही, आणि ९ जानेवारी २०१९ ला केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली, १ सप्टेंबर २०१९ पासून लागू, त्यात कलम १८२अ आलं. त्याच्या चौथ्या पोटकलमात गाडीच्या मालकाने परवानगी नसलेला बदल केला, बाहेरचे पार्ट बसवून केला तरी, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागं हा शब्द नीट बघा. माझे एलईडी एक आणि बंपरचे फोकस दुसरा, असं धरलं तर १०,०००, म्हणजे दुकानात दिले त्यापेक्षा जास्त. आणि ह्या पोटकलमात नाव कुणाचं आहे तर मालकाचं. ज्याने बसवलं, ज्याने "काय होत नाही" म्हणलं, तो ह्यात कुठंच नाही, आणि त्याच्या बिलावर तर काय बसवलं हे पण लिहिलेलं नाही.

आता इन्शुरन्स, ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ऑफिसमधनं घरी येताना बोनेटमधनं जळका वास आणि धूर. गाडी बाजूला घेतली, बोनेट उघडलं तर बॅटरीच्या बाजूची वायरिंग वितळून एकात एक झालेली, उजव्या हेडलाइटचा कपलर काळा, फ्यूज बॉक्सची एक बाजू गेलेली. शेजारच्या पानटपरीवाल्याने बॅटरीची तार काढायला मदत केली म्हणून पुढचं वाचलं. कारण काय निघालं, तर बंपरच्या फोकसची जी वायर पोलिसांसमोर नुसती कपलरमधनं काढली होती तिचं दुसरं टोक सरळ बॅटरीच्या प्लसवर होतं, मधे फ्यूजच नाही. जिथनं ती पत्र्याच्या भोकातनं गेलेली तिथं वायर घासू नये म्हणून भोकात बसवतात ती रबरी रिंग पण नाही. हादऱ्याने वायरचं प्लास्टिक घासून घासून गेलं, तांबं बॉडीला टेकलं, शॉर्ट. दहा-पंधरा रुपयाचा फ्यूज असता तर तो उडला असता आणि विषय संपला असता.

सर्व्हिस सेंटरने एस्टिमेट दिलं ४१,८००. मी निवांत होतो, फुल इन्शुरन्स आहे, झिरो डेप आहे, म्हणजे पार्ट जुने झाले म्हणून पैसे कापत नाहीत. इन्शुरन्स कंपनीचा माणूस पाहणीला आला, त्याने नुकसानीचे फोटो कमी आणि त्या काळ्या टेपने गुंडाळलेल्या जोडांचे फोटो जास्त काढले. त्याने विचारलं, हे कधी लावलं, मी खरं ते सांगितलं, फेब्रुवारी. त्याने पॉलिसीची तारीख बघितली, एप्रिल. तिथंच मला गडबड जाणवली. एप्रिलला मी मोबाइलवर दोन मिनिटांत रिन्यू केलेली, गाडीत काही बदल आहे का, जास्तीच्या ॲक्सेसरीज आहेत का असं एका पानावर विचारलेलं, त्यावर मी नाही करून पुढं गेलो होतो. न वाचता.

क्लेम नाकारल्याचं पत्र आलं, कारणं तीन. एक, इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी जाहीर केलेली नाही. दोन, गाडी सुस्थितीत ठेवण्याची आणि नुकसान टाळायला वाजवी काळजी घेण्याची जी अट पॉलिसीत असते ती मोडली. तीन, इलेक्ट्रिकल बिघाडाने झालेलं नुकसान ओन डॅमेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या विम्यात, येत नाही. पहिल्यांदा राग आला, वाटलं कंपनी पैसे द्यायचे नाहीत म्हणून कारणं शोधतेय. मग मावशी, ती पंचवीस वर्षं विम्याचं एजंटचं काम करतेय, तिने माझं पॉलिसीचं पुस्तक घेऊन पेन्सिलने खुणा करून दिल्या आणि एकेक ओळ वाचायला लावली. तिन्ही गोष्टी छापलेल्या होत्या.

मावशीने जे समजावलं ते इथं माझ्या शब्दात लिहितो.

कंपनीने शोरूममधनं दिलेल्या किमतीत जे सामान नव्हतं आणि आपण नंतर इलेक्ट्रिकल म्हणून बसवलं, मग म्युझिक सिस्टम असो का लाइट, त्याच्यासाठी वेगळं एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायची पुरवणी, असतं, त्याला आयएमटी २४ म्हणतात, जुन्या टॅरिफमध्ये त्याचा प्रीमियम वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के धरलेला. म्हणजे ८,००० च्या सामानाला ३२० रुपये. ते भरलेलं नसेल तर त्या वस्तूचे पैसे मिळणार नाहीत हे सरळ. पण ३२० भरून नियमाबाहेरचा लाइट नियमात बसत नाही हे पण तितकंच खरं, एंडॉर्समेंट म्हणजे वस्तूचा विमा, आरटीओची परवानगी नव्हे. हा घोळ बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो, माझ्याही होता.

दुसरं, एलईडी लावलाय म्हणून कुठलाही क्लेम गेलाच असं नाही. सिग्नलला उभं असताना मागनं कुणी ठोकलं तर त्यात हेडलाइटचा काय संबंध, तिथं कंपनीने नाकारलं तर भांडायचं. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये अमलेंदू साहू प्रकरणात सांगितलेलं आहे की अट मोडली म्हणून क्लेम अख्खा फेकून न देता नॉन-स्टँडर्ड पद्धतीने, म्हणजे काही कापून, द्यावा, आणि त्यात ज्या सूचनांचा आधार घेतला त्यात ७५ टक्क्यांपर्यंत द्यायची सोय आहे. माझ्या बाबतीत मात्र आग ज्या वायरने लागली तीच वायर मी घालून घेतलेली, त्यामुळं मावशी म्हणाली, कंपनीच्या तक्रार विभागाला लिही, महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडं वर्षाच्या आत जाता येतं, पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, पण तुझी बाजू लंगडी आहे हे धरून जा. मी तक्रार विभागाला लिहिलं, त्यांचं उत्तर तेच आलं, आणि मी तिथं थांबलो. ४१,८०० स्वतः भरले.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, थर्ड पार्टीची. ते आजऱ्याचे काका माझ्या डोक्यातनं जात नव्हते म्हणून मीच विचारलं, की समजा तेव्हा त्यांचं काही बरंवाईट झालं असतं तर? मावशी म्हणाली, रस्त्यावरच्या माणसाला भरपाई मिळावी म्हणूनच थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि कंपनी त्यातनं कुठल्या कारणांनी हात काढून घेऊ शकते ती कारणं कायद्याच्या कलम १५० मध्ये मोजून लिहिलेली आहेत. लायसन्स नसणं, दारू पिऊन चालवणं, परमिटच्या बाहेर वापर, असली. लाइट बदलले हे त्यात नाही. पण त्याच यादीत एक कारण असं आहे की महत्त्वाची माहिती लपवून पॉलिसी घेतली. आणि तू एप्रिलला त्या पानावर काय दाबलंस? नाही. आता ही माहिती महत्त्वाची धरायची का नाही हे कोर्ट ठरवेल, त्या कुटुंबाला भरपाई बहुतेक मिळेलच, पण कंपनीच्या वकिलाच्या हातात तू स्वतःहून एक कागद दिलेला असशील, आणि ट्रिब्युनलमध्ये वर्षानुवर्षं तारखांना तू उभा असशील. शिवाय निष्काळजीपणाची पोलिस केस वेगळी, ती विम्याने भरून निघत नाही. हे ऐकल्यावर मी संध्याकाळी गाडीतनं सगळं काढायचंच ठरवलं.

त्यासाठी शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या वायरमन काकांकडं गेलो. हा माणूस दुकान नाही चालवत, एक शटर, एक स्टूल आणि भिंतीवर खडूच्या रेघा. त्यांनी माझा एलईडी आणि साधा एच-४ दोन्ही एका हातात धरून दाखवले. साध्या बल्बच्या आत दोन तारा असतात, पुढच्या तारेच्या खाली एक छोटीशी पत्र्याची वाटी असते, नखाएवढी. ती वाटी खाली जाणारा प्रकाश अडवते, म्हणून डिपरला प्रकाश फक्त रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथनं खाली रस्त्यावर येतो. तार बारीक, तिची जागा मिलिमीटरच्या हिशोबात ठरलेली, अख्खा रिफ्लेक्टर तेवढ्या एका जागेसाठी घडवलेला. एलईडीत वाटीची नक्कल म्हणून पत्रा आहे, पण चिप पट्टीच्या दोन्ही अंगाला चिकटवलेल्या, मधे पट्टीची जाडी, त्यामुळं प्रकाश निघतो दुसऱ्याच जागेवरनं. मग तो रिफ्लेक्टरवर भलतीकडं आपटून वर सांडतो. काका म्हणाले, "बल्ब कितीबी भारी आण, भांडं दुसऱ्याचं असंल तर उतू जाणारच." कंपनीतनं एलईडी येणाऱ्या गाडीत भांडंच एलईडीचं असतं, लेन्स असते, आणि अशी अख्खी गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत तपासून पास झालेली असते, लाइट कसे बसवावेत ह्याचं एआयएस-००८ आणि बल्बचं एआयएस-०३४ ही मानकंसुद्धा तिथनंच निघतात. तिकडं इंग्लंडमध्ये तर २०२१ पासून कारच्या हॅलोजन हेडलाइटमध्ये एलईडी किंवा एचआयडी (झेनॉन) बल्ब घातलेला दिसला की वार्षिक तपासणीत तो हेडलाइट नापासच करतात.

आणि १००/९० वॅटचे हॅलोजन घालू का म्हणलं तर काका नकोच म्हणाले. ५५ वॅटला साडेचार अँपिअर जातात, ९० ला साडेसात, वायर आणि होल्डर त्याच जुन्या, होल्डर पिवळा पडतो, मग तपकिरी, मग वितळतो, वर रिफ्लेक्टरचा मुलामा उडतो. असे जळके होल्डर त्यांच्याकडं डबाभर पडलेत, दाखवले.

मग माझ्या लाइटचं मूळ दुखणं काय होतं ते बघितलं. ते ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण त्यावर ८,००० खर्च करायचं कारणच नव्हतं. काच सहा वर्षांच्या उन्हाने धुरकट पिवळी झालेली, ती घासून पॉलिश केली, ६००. बल्ब कंपनीचेच पहिल्यापासूनचे, थकलेले. त्या जागी चांगल्या ब्रँडचे ६०/५५ चेच, बल्बवर गोलात ई मार्क, म्हणजे रस्त्यावर चालतो अशी मान्यतेची खूण, असलेले, जोडी ५५० च्या आसपास. आणि डॅशबोर्डच्या डाव्या-उजव्या बाजूला हेडलाइट वर-खाली करायचं ० ते ३ चं चाक असतं ना, ते माझं कायम २ वर, म्हणजे झोत खाली, होतं, कुणी कधी फिरवलं देव जाणे. एकटा-दुकटा असताना ० पाहिजे, मागं माणसं आणि डिकीत सामान भरलं की वाढवायचं. सहा वर्षांत मी ते चाक बघितलं नव्हतं.

हेडलाइटचा झोत त्यांनी भिंतीवर सेट केला, हे तुम्ही घरी पण बघू शकता. सपाट जागा, टायरमध्ये हवा बरोबर, गाडी भिंतीजवळ लावून हेडलाइटच्या मधोमध भिंतीवर खडूने आडवी रेघ मारायची, मग गाडी सरळ १० मीटर मागं घ्यायची. डिपर लावला की उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली आली पाहिजे आणि फक्त डाव्या बाजूला थोडी वर चढलेली, कारण आपण डावीकडनं चालवतो आणि त्या कडेचा माणूस, म्हैस, दगड दिसायला पाहिजे. तिथंच काकांनी माझे एलईडी एकदा शेवटचे लावून दाखवले. कड नावाची गोष्टच नव्हती, रेघेच्या वर हातभर उजेड सांडलेला. शेजारी मी उभा होतो तर सावली भिंतीवर डोक्यापर्यंत. हे दुकानात दाखवलं असतं तर कुणीही विकत घेतलं नसतं.

दुकानात परत गेलो होतो. पैसे परत मागायला नाही, एवढंच म्हणलं की बिलावर मॉडेल, वॅट आणि रस्त्यावर चालतं असं लिहून द्या. दुकानदार म्हणाला आम्ही फक्त फिटिंग करतो, लिहून देत नाही. म्हणजे त्यालाही माहितीय. कुठल्याही दुकानात जाल तर आधी हेच मागा, आणि वायर बॅटरीवरनं घेत असतील तर फ्यूज कुठाय ते बोटाने दाखवायला सांगा.

सगळा हिशोब केला तर ८,००० लाइटचे, ४१,८०० वायरिंगचे, चलन वेगळं, आणि पॉलिसी आता मी इन्शुरन्स कंपनीला मेल करून माहिती दुरुस्त करून घेतलीय, गाडी मूळ स्थितीत आहे असं फोटोसकट. एलईडीची जोडी बॉक्ससकट कपाटात पडून आहे. ऑफिसातला एक जण २,००० ला मागत होता, दिली नाही, त्याच्या गाडीसमोरनं पण कुणीतरी दुधाचा कॅन घेऊन येत असेल.

मागच्या आठवड्यात आंबोली उतरलो ह्याच साध्या ६०/५५ वर. धुकं होतंच, हळू चालवावंच लागलं, पण पांढरा पट्टा दिसत होता आणि डाव्या बाजूचा कठडा दिसत होता. घाटात एकाने पण अप्पर-डिपर मारलं नाही. आजऱ्यात त्या काकांच्या घरी थांबलो, गुडघा बरा आहे, डाग राहिलाय. कापलेल्या रबरी बुटाच्या जागी नवीन बूट सर्व्हिस सेंटरला ऑर्डर करावा लागला, १८० रुपये, यायला आठ दिवस लागले, परवा बसवला. काल रात्रभर पाऊस होता, सकाळी बघितलं, काचेत एक थेंब नाही.